त्यांच्यासाठी म्हणून काही करू नका

नशिराबादहून बोलतेय.

मागच्या भागानंतर एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "ताई, पहाटे हायवेच्या कडेनं पांढऱ्या कपड्यातल्या बाया अनवाणी चालत जातात. त्यातली एखादी तर आमच्या पोरीएवढी दिसते. त्या कुठं जातात? थांबवून चहा विचारावा का?"

विचारलंत ते बरं केलंत, कारण मी न विचारताच करायला गेले होते आणि फजिती झाली होती. ती आधी सांगते.

एप्रिलचे दिवस होते. आपल्याकडचा एप्रिल काय असतो ते सांगायला नको. तिघी साध्वी शाळेच्या वऱ्हांड्यात उतरल्या होत्या. जैन साध्वी उकळलेलंच पाणी पितात, एवढं मी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून मोठं पातेलंभर पाणी खळखळून उकळलं, निवत ठेवलं आणि दारात वाट बघत उभी राहिले. नऊच्या सुमाराला त्यातल्या दोघी गल्लीत आल्या. मी हात जोडून म्हटलं, "पाणी तयार आहे." थोरल्या साध्वींनी विचारलं, "बहन, ये पानी किसके लिए उबाला?" मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "आपके लिए ही!" त्या हसल्या, हात वर करून आशीर्वाद दिला आणि पुढच्या घराकडे वळल्या. सोबतची धाकटी जेमतेम वीस-बावीसची असेल, तिचे ओठ सुकलेले दिसत होते. तीही वळली. मी पातेल्याकडे बघत राहिले.

त्यांच्यासाठी म्हणून केलेलं काहीही त्यांना चालत नाही. पाणी नाही, भाकरी नाही, चहा तर नाहीच. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून समजून घेता येईल.

आधी त्या कोण, ते बघू. आपल्या खान्देशातल्या बाजारपेठांच्या गावांमध्ये मारवाडी जैन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यात स्थानकवासी पंथाची घरं बरीच. तोंडाला कायम पांढरी मुहपत्ती बांधलेल्या साध्वी दिसल्या की त्या बहुधा स्थानकवासी किंवा तेरापंथी. मुहपत्ती हातात धरून बोलताना तोंडाशी नेतात त्या मंदिरमार्गी. एकच पांढरी साडी आणि हातात मोरपिसांची पिच्छी असेल तर त्या दिगंबर आर्यिका. त्यांचे आहाराचे नियम पुन्हा वेगळे, त्या दिवसातून एकदाच जेवतात. मी आज सांगतेय ते मुख्यतः स्थानकवासी साध्वींबद्दल. त्यांना महासतीजी म्हणतात. नमस्कार करताना "मत्थएण वंदामि" म्हणायची रीत आहे, पण नुसते हात जोडले तरी चालतं.

त्या कुठं जातात? तसं म्हटलं तर कुठंच नाही. आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, चातुर्मासात, त्यांना एका गावी राहावं लागतं. पावसात जमिनीवर जीवजंतू वाढतात, चालताना ते पायाखाली येऊ नयेत म्हणून. उरलेले आठ महिने मात्र फिरतं राहायचं. एका गावाशी, एका घराशी जीव गुंतू नये हा त्यातला हेतू. याला विहार म्हणतात. विहार पायीच. बस नाही, रेल्वे नाही, बैलगाडीही नाही. पायात चप्पल नाही. जळगाव-भुसावळ हे पंचवीसेक किलोमीटरचं अंतर आपण अर्ध्या तासात कापतो; त्यांना त्यात एक मुक्काम लागतो. तो कधी नशिराबाद, कधी साकेगाव.

आता त्यांचा दिवस. पहाटे चारच्या आसपास उठायचं. रात्रभरात कळत-नकळत जे चुकलं असेल त्याची आठवण करून क्षमा मागायची. हे प्रतिक्रमण, सकाळी एकदा आणि सूर्यास्ताला एकदा. उजाडलं की आपले कपडे, पात्रं, रजोहरण उलगडून नीट बघायचं, कुठं मुंगी-किडा बसलाय का. बसला असेल तर हळूच बाजूला सारायचा. हेही दोन वेळा. मग सामान पाठीवर घेऊन निघायचं. सामान ते किती! लाकडी पात्रं, झोळी, चार पुस्तकं आणि अंगावरचे-बदलायचे कपडे. त्या कपड्यांनाही माप आहे: साधूला 72 हात कापड, साध्वीला 96 हात. सगळं मिळून, अंथरायच्या-पांघरायच्यासकट. माझ्या कपाटात लग्नाकार्यात आलेल्या साड्याच किती हात होतील, याचा मी हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

चालताना नजर समोर साडेतीन हात जमिनीवर. त्यामुळेच त्या मान खाली घालून चालताना दिसतात. आपल्याला वाटतं थकल्यात. सूर्य उगवल्यावर 48 मिनिटं होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सूर्य मावळला की पुन्हा बंद. मे महिन्यातली आपल्याकडची रात्र आठवा. रात्री दोनला उठून माठातलं गार पाणी पितो ना आपण? त्यांना ते नाही. पंखा नाही, दिवा नाही, फोन नाही. आंघोळही नाही. डोक्यावरचे केस वर्षातून एक-दोनदा हातानं उपटून काढतात, त्याला लोच म्हणतात. हे ऐकून माझ्या सुनेनं कानांवर हात ठेवले होते.

आपल्यासारखा सोमवार-मंगळवारचा आठवडा त्यांच्या जगण्यात फारसा नाही. त्यांचं चालतं तिथीवर. पंधरवड्याला पाक्षिक प्रतिक्रमण, चार महिन्यांनी चौमासी आणि वर्षातून एकदा संवत्सरी. मधल्या दिवसांत दुपारी अभ्यास. पाठांतर भरपूर असतं. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डीला आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेनं जैन धार्मिक परीक्षांचं बोर्ड सुरू झालं. त्याच्या परीक्षा साधू-साध्वीही देतात आणि घरातल्या बायकाही देतात. आनंदऋषीजी चिचोंडीचे, आपले मराठी मातीतले. पुढं श्रमण संघाचे आचार्य झाले. त्यांची दीक्षा वयाच्या तेराव्या वर्षी झाली होती.

या वयाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते लपवून ठेवत नाही. तेराव्या वर्षी कुणालाही आयुष्यभराचा निर्णय कळतो असं मला वाटत नाही, मग तो लग्नाचा असो की दीक्षेचा. हल्ली कित्येक मुली शिकून, पदवी घेऊन दीक्षा घेतात, ते मला बरं वाटतं. दीक्षा एकदम मिळत नाही. मुलीला आधी वैरागन म्हणून काही काळ, कधी काही वर्षं, साध्वींसोबत राहून, चालून, पाठ करून बघावं लागतं. आणि आईवडिलांची आज्ञा लागते. ती नसेल तर गुरुणी दीक्षा देत नाहीत. त्या आज्ञेकडे मी पुन्हा येते.

आधी दाराशी आलेल्या साध्वीचं काय करायचं ते सांगते, कारण प्रश्न तो होता.

त्या भिक्षेला येतात त्याला गोचरी म्हणतात. गाय चरते तशी. गाय एका ठिकाणचं गवत मुळापासून खात नाही, इथून थोडं, तिथून थोडं घेते. तसं एका घरून चतकोर, दुसऱ्या घरून वाटीभर वरण. कुणाच्याही घरात कमी पडू नये, पुन्हा चूल पेटवायला लागू नये. म्हणूनच "तुमच्यासाठी केलं" म्हटलं की त्या घेत नाहीत. त्यांच्यामुळे एक पातेलं जास्त चढलं, तेवढी आग लागली, तेवढे जीव गेले, असा त्यांचा हिशेब. जे घ्यायला चालतं ते सूझतं आणि चालत नाही ते असूझतं, हे दोन शब्द लक्षात ठेवा.

टोपल्यात आपल्या घरच्यांसाठी केलेल्या भाकरी आहेत, त्यातली एक द्या, ती सूझती. तव्यावर आहे ती नको. आणि त्यांना बघून घाईनं गॅस बंद करायला जाऊ नका, तिथंच सगळं बिघडतं. विस्तव पेटवणं जसं दोषाचं, तसंच त्यांच्यापायी विझवणंही दोषाचं. दिव्याचं बटण दाबू नका. फ्रिज उघडू नका. हात धुवायला नळाखाली जाऊ नका. कच्च्या पाण्यानं ओल्या हातांनी दिलेलं त्या घेणार नाहीत. कोथिंबीर निवडत बसला असाल, मांडीवर मेथीची जुडी असेल, तर तुम्ही उठू नका, घरात दुसरं कुणी मोकळं असेल त्यांना देऊ द्या. कांदा-लसूण-बटाट्याबाबत सगळ्यांची रीत एक नाही, सरळ विचारावं. कळण्याची भाकरी, फुलके, वरण, भात, ताक, गूळ असलं साधं घरात असतंच. जैनच घर पाहिजे असं नाही, शाकाहारी घरी त्या येतात.

एक नियम मला फार आवडला. बाळाला अंगावर पाजत बसलेली आई भिक्षा द्यायला उठली आणि बाळ रडायला लागलं, तर तिच्या हातचं घ्यायचं नाही. दिवस भरत आलेली बाई बसलेली असेल आणि मुद्दाम उठायला लागली, तर तिच्याकडूनही नाही. हे दशवैकालिक सूत्रात आहे. नवदीक्षितांना सुरुवातीलाच पाठ करायला लागतं ते हेच सूत्र. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात कुणाच्या तरी हे लक्षात होतं, की दाराशी कुणी आलं की घरातली बाई सगळं टाकून उठते.

आणखी एक. ज्याच्या घरात त्या उतरतात त्या घरचं अन्न घेत नाहीत. त्या घराला शय्यातर म्हणतात. तुम्ही ओसरी दिलीत, तेवढं पुरे. जेवण शेजारचे देतील. आसरा देणाऱ्यावर दुहेरी भार नको. आपल्याकडे पाहुणे असे असते तर!

आता काय करू नये. गाडी थांबवून "बसा, सोडते" म्हणू नका. पुरुषांनी, अगदी लहान मुलग्यांनीही, साध्वींना स्पर्श करायचा नसतो. बायकांनी पाया पडलं तर चालतं, पण हातात मोबाईल असेल तर आधी बाजूला ठेवा. फोटो काढायचा असेल तर विचारा. आणि हायवेला मागून येऊन हॉर्न वाजवू नका.

हायवेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. आपला हा सुरत-नागपूर रस्ता चार पदरी झाला, गाड्या भरधाव झाल्या. ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा म्हणून साध्वी फटफटताच निघतात. त्या वेळी रात्रभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड असते. धुकं असेल तर विचारूच नका. विहारात साधू-साध्वींना वाहनानं उडवल्याच्या बातम्या देशभरातून येत असतात. बऱ्याच गावांमध्ये आता जैन समाजातली तरुण मुलं-मुली त्यांच्यासोबत चमकणारी जाकिटं घालून पुढच्या गावापर्यंत चालतात, याला विहारसेवा म्हणतात. कुणाच्या घरी ट्रक, टेम्पो, रिक्षा चालवणारं माणूस असेल, तर एवढं सांगून ठेवा: पहाटे उजेड पडायच्या वेळी रस्त्याच्या कडेला पांढरं काही हललं, की वेग कमी करायचा. आणि सर्व्हिस रोड असेल तिथं त्यांना तो दाखवा. पुढचं वळण कुठं, पाण्याचा निचरा नसलेला पूल कुठं, हे आपल्याला जितकं ठाऊक तितकं त्यांना नाही.

त्या एकट्या कधीच नसतात. निदान दोघी, बहुधा तिघी. हा नियम सुरक्षिततेचा आहे तसा मनाचाही आहे. वीस वर्षांची पोर पहिल्यांदा घराबाहेर पडते, तिला रडू आलं तर जवळ कुणी पाहिजे.

यावरून माझ्या पुतणीनं अमेरिकेहून सांगितलेलं आठवलं. तिच्या दारावर दोन मुली आल्या, छातीवर नावाच्या काळ्या पट्ट्या, वय अठरा-एकोणीस. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारक. त्यांची मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष घर सोडून, पाठवतील त्या गावी जाऊन राहतात. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. नेहमी जोडीनं. पहिलं नाव सोडायचं, सिस्टर आणि पुढं आडनाव. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद, दिवसभर अभ्यास आणि दारोदार. आठवड्यातला एक दिवस मोकळा, त्यात कपडे धुवायचे, बाजार करायचा, घरी पत्र लिहायचं. हे लोक आपल्याकडेही फार पूर्वी येऊन गेलेत. 1850 च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबई-पुण्यात राहिला होता आणि मराठी शिकला होता. पण माझ्या पुतणीनं सांगितलेली गोष्ट वेगळीच होती. 2019 पर्यंत या पोरींना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच असे. एक नाताळला आणि एक मदर्स डेला. त्या वर्षी नियम बदलला, आता आठवड्याला बोलता येतं.

म्हणजे मुलीला घरापासून तोडणारा आणि पुन्हा थोडं जोडणारा नियम त्यांच्याकडेही आहे. फरक इतका की मॉर्मन मुलगी दीड वर्षानं परत येते, कॉलेजला जाते, लग्न करते. आपल्या रस्त्यानं चालणारी पोर परत येण्यासाठी गेलेली नसते.

जैन समाजातही नियम अगदी हललेच नाहीत असं नाही. तेरापंथात आचार्य तुलसींनी 1980 मध्ये समणी हा वेगळा वर्ग सुरू केला. समणी वाहनानं प्रवास करू शकतात, परदेशात जाऊन शिकवतात. आणि पुणे जिल्ह्यातल्या चासकमानला 1937 साली जन्मलेली एक मुलगी चौदाव्या वर्षी स्थानकवासी साध्वी झाली. त्या चंदनाजी. बिहारमध्ये राजगीरला त्यांनी वीरायतन उभं केलं, तिथं डोळ्यांचं रुग्णालय चालवलं, 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये शाळा काढल्या. सेवेसाठी गाडीनं गेल्या, विमानानं गेल्या. त्यावरून टीकाही पुष्कळ झाली. 1987 मध्ये त्यांना आचार्यपद मिळालं, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. 2022 मध्ये पद्मश्री. हायवेनं मान खाली घालून चालणाऱ्या पोरींकडे बघताना मला हेही आठवतं, की त्यातली प्रत्येक जण सारखीच नसणार.

आता ती आज्ञा. त्याच एप्रिलमध्ये संध्याकाळी मी शाळेच्या वऱ्हांड्यात गेले होते. तिथं जळगावहून एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, त्या धाकट्या साध्वीची आई. म्हणजे आता तसं म्हणायचं नसतं. आईनं वाकून लेकीला वंदन केलं. लेकीनं विचारलं नाही की बाबा कसे आहेत, दादाचं काय चाललंय. आईनं विचारलं, "सुखसाता आहे ना?" हा त्यांचा खुशाली विचारायचा शब्द. लेक म्हणाली, "आहे." गुरुणींनी दोघींना थोडा वेळ बसू दिलं. नंतर बाहेर चपला घालताना त्या बाई मला म्हणाल्या, "सही करायला सहा महिने लावले मी. तिचे वडील आधी तयार झाले." मी विचारलं, आता भेट कधी? तर पर्समधून चातुर्मास कुठं कुठं ठरलेत त्याचं पत्रक काढून दाखवलं. त्या वर्षीचं गाव विदर्भात होतं. मला धीराचा शब्द सुचला नाही, मी नुसती त्यांच्यासोबत रिक्षा मिळेपर्यंत उभी राहिले.

त्या दशवैकालिक सूत्राची एक कथा परंपरेनं सांगतात. शय्यंभव नावाचे गृहस्थ बायको गरोदर असताना घर सोडून साधू झाले आणि पुढं आचार्य झाले. मुलगा झाला, मनक त्याचं नाव. तो आठ वर्षांचा झाल्यावर बापाला शोधत आला आणि त्यांचाच शिष्य झाला. आचार्यांनी ओळखलं, पण कुणाला सांगितलं नाही. मुलाचं आयुष्य सहाच महिने उरलंय हे त्यांना कळलं. एवढ्या वेळात त्याला सगळी शास्त्रं कशी येणार? म्हणून त्यातलं सार काढून हे छोटं सूत्र त्याच्यासाठी रचलं. मुलगा गेला तेव्हा आचार्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि शिष्यांना तेव्हा कळलं की हा त्यांचा मुलगा होता. "आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही त्याला माझा मुलगा म्हणून वागवलं असतं. मला ही गोष्ट त्या आईला सांगावीशी वाटली होती. मग वाटलं, तिला ती माझ्याआधीपासून माहीत असेल.

बरं, पाण्याचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना निघायचं होतं, पण धाकटीचा पाय दुखावला म्हणून एक दिवस थांबल्या. पुन्हा दोघी गोचरीला गल्लीत आल्या. या खेपेला मी काहीच केलं नव्हतं. खरं तर ओशाळून आतच होते. थोरल्या साध्वींनी दारातून विचारलं, घरात धोवन आहे का? मला कळेना. त्यांनी समजावलं, तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी. नुकतं धुतलेलं चालत नाही, थोडा वेळ झालेलं, निवळलेलं पाहिजे. तांदळाचं धुवण मी रोज सकाळी शेजारच्यांच्या म्हशीसाठी बादलीत काढून ठेवते. त्या दिवशी ते अजून पातेल्यातच होतं. "ये किसके लिए रखा है?" थोरल्या साध्वींनी विचारलं. मी म्हटलं, "भैंस के लिए." धाकटी पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मग तिनं पात्र पुढं केलं.